ट्रॉलीचा ड्रॉबार दर हंगामाला चिरतो, काय करू? आणि वाचकांचे इतर प्रश्न

गळीत हंगाम तोंडावर आलाय, त्यामुळे या वेळच्या टपालात ट्रॉल्यांची पत्रं सगळ्यात जास्त. त्यांतलं एक पत्र सविस्तर उत्तरासाठी घेतलंय. बाकीच्यांचा प्रश्न थोड्याफार फरकानं तोच आहे, त्यांनीही हेच उत्तर आपलं समजावं.

उसाच्या डबल ट्रॉलीचा ड्रॉबार (ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा) सांगाड्याच्या चॅनलला जिथं जोडलाय तिथं दर वर्षी चीर जाते. दर वर्षी वरून वेल्डिंग मारून घेतो. गेल्या वर्षी जाड पट्टीही टाकली, तर या वेळी पट्टीच्या कडेलाच चिरलं. रॉड हलका वापरतात का?
— एक ऊस वाहतूकदार, शिरोळ तालुका

रॉडचा दोष असेलही, पण तो पहिला दोष नाही. तुमची चीर या वेळी पट्टीच्या कडेला गेली, ही गोष्ट तुम्हीच पत्रात लिहिली आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात एकदा ओढते, एकदा ढकलते. मागं दुसरी भरलेली ट्रॉली असली की धक्का वाढतोच. लोखंड एका दणक्यानं तुटत नाही, लाखो लहान हिसक्यांनी थकतं. आणि ते थकतं जिथं जाडी एकदम बदलते तिथं. जाड पट्टी आडवी संपली की त्या रेषेवर सगळा ताण गोळा होतो. म्हणजे पट्टीनं ड्रॉबार मजबूत झाला नाही, चिरण्याची जागा दोन-तीन इंच पुढं सरकली.

आता काम कसं करून घ्यायचं ते सांगतो. ट्रॉली पूर्ण रिकामी करा, ट्रॅक्टरपासून सोडवा, ड्रॉबारखाली ठोकळे द्या. काही कारणानं ट्रॅक्टरला जोडूनच काम करावं लागलं तर बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. अर्थचा चिमटा चिरेच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. चिमटा लांब चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगचे छर्रे खातो.

मग चीर खरोखर कुठपर्यंत गेली ते शोधा. डोळ्याला दिसते त्याच्या पुढं ती असतेच. रंग खरवडून जागा साफ करा, रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू घासा. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूत उतरतं आणि बारीक रेघ दिसते. शहरात यासाठी लाल रंग आणि पांढऱ्या पावडरीचे डबे मिळतात, ते जास्त खात्रीचे. रेघ जिथं संपते त्याच्या किंचित पुढं ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा, दोन्ही टोकांना. टोकदार चीर गोल भोकात येऊन थांबते. हे भोक न पाडता केलेलं वेल्डिंग कितीही देखणं असलं तरी खाली चीर चालूच राहते.

त्यानंतर ग्राइंडरनं चिरेवर व्हीच्या आकाराची खाच काढा, तळापर्यंत. नुसतं वरून भरलं की आत चीर जिवंत राहते. आता रॉडची पाळी. गेटाला वापरतात तो ६०१३ नंबरचा रॉड इथं चालणार नाही, ७०१८ नंबरचा हवा. पण हा रॉड ओल धरतो. पावसाळ्यात उघड्या खोक्यात पडलेला ७०१८ तसाच ओढला तर ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बाजूचं लोखंड आतून तडकतं. संध्याकाळी ठीक दिसलेला जोड सकाळी चिरलेला सापडतो, त्याचं हे एक कारण. रॉड २५० ते ३०० अंशांवर तास-दोन तास भाजून काढावे लागतात आणि गरमागरम वापरावे लागतात. पत्र्यावर उन्हात पसरून हे होत नाही. तुमच्या वेल्डरकडे रॉडची भट्टी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर सीलबंद खोकं नवं फोडायला लावा आणि जेवढे लागतील तेवढेच काढायला सांगा. एका थरात काम उरकू देऊ नका. पातळ थर, प्रत्येक थरानंतर स्लॅग (जोडावर जमणारी खपली) पूर्ण झाडून मगच पुढचा.

शेवटी पट्टी. टाकायचीच असेल तर चौकोनी नको, शंकरपाळ्यासारखी कापा, लांब टोकं ड्रॉबारच्या दिशेनं. वेल्डिंग तिरक्या कडांवर करा आणि टोकाला आडवा टाका मारू नका. ताण हळूहळू पट्टीत चढतो आणि हळूहळू उतरतो. वेल्डिंगची कड ग्राइंडरनं मूळ लोखंडात सपाट मिसळून घ्या. या घासण्याला वेळ जातो म्हणून लोक ते टाळतात. माझा आग्रह आहे, त्याचे पैसे वेगळे द्या पण करून घ्या.

एक गोष्ट मात्र वेल्ड करायचीच नाही : पुढची कडी किंवा हूक. ती झिजली, चिरली की बदला. ठोकून घडवलेल्या कडक पोलादावर घाईनं मारलेला टाका शेजारचं लोखंड काचेसारखं ठिसूळ करतो. चाकावर टायर चढवलेला असताना रिमलाही वेल्डिंग नको. आतली हवा आणि रबर तापून टायर फुटतो, त्यात माणसं गेली आहेत. रात्री उसाची ट्रॉली ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं शाळेची मुलं सायकलवरून परत येतात. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

घरच्या गेटसाठी छोटं इन्व्हर्टर मशीन घेतलं. त्यावर २५० अँपिअर लिहिलंय, पण रॉड चिकटतो, आणि करंट वाढवला की एमसीबी पडतो. मशीन खराब आहे का? शिवाय चौकट जोडली की आळेपिळे पडतात.
— एक वाचक, वाई

मशीन बहुतेक ठीक असेल, घरची लाइन पुरत नाही. हिशेब बघा. १०० अँपिअरवर चाप (आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) साधारण २४ व्होल्टवर जळतो, म्हणजे जोडालाच २.४ किलोवॉट लागले. मशीनमधलं नुकसान आणि त्याचा कमी पॉवर फॅक्टर (लाइनवरून करंट तुटक-तुटक ओढण्याची सवय) धरला तर घरच्या लाइनवरून अठरा-वीस अँपिअर ओढले जातात. तुमचा पॉइंट १६ अँपिअरचा. त्यातून लांब, बारीक एक्स्टेंशन असलं तर व्होल्टेज वाटेतच गळतं, चाप विझतो आणि रॉड चिकटतो. तेव्हा ३.१५ मिलिमीटरचा रॉड बाजूला ठेवा, २.५ चा घ्या आणि ७० ते ८० अँपिअरवर चालवा. गेटाचा चौकोनी पाइप १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असेल तर ६० ते ७० सुद्धा पुरे. जास्त केलात तर भोक पडेल. नेहमी काम करणार असाल तर मीटर बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. एक्स्टेंशन वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते. आणि मशीनवर मोठ्या अक्षरांत काय छापलंय यापेक्षा मागची पाटी वाचा. त्यावर ६० टक्के असं लिहिलेलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटंच चालवायचं, चार मिनिटं थंड होऊ द्यायचं.

आळेपिळे पडण्याचं कारण घाई. चौकट सपाट जागेवर मांडा, चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा, मग दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे आले नाहीत तर टाका तोडून गुण्याला घ्या. सारखे आले की एका कोपऱ्यानंतर थेट समोरच्या कोपऱ्यावर जा. एकाच बाजूनं सलग ओढत गेलात तर थंड होणारं लोखंड आकसून सगळी चौकट आपल्याकडे खेचतं. खालच्या आडव्या पाइपला तळातून लहान भोकं ठेवा, नाहीतर आत साचलेलं पाणी दोन-चार पावसाळ्यांत पाइप आतून खातं.

मुलानं जीआय पाइपची शेळ्यांची शेड घरीच वेल्ड केली. रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला गोडसर चव, अंग ठणकतंय. शेजारचे म्हणतात दूध-गूळ खाऊन काम केलं की बाधत नाही. खरं आहे का?
— एक आई, चिपळूण

नाही ताई, खरं नाही. दूध-गूळ पोटात जातो, धूर छातीत. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात. त्यामुळे जोड व्हायच्या आधीच जस्ताची वाफ होते आणि तिचा पांढरा धूर बनतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडीताप येतो, बहुधा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री. एक-दोन दिवसांत उतरतो. गावाकडं याला मलेरिया समजून औषध सुरू होतं, म्हणून डॉक्टरांना 'जीआयचं वेल्डिंग केलंय' हे स्पष्ट सांगा. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर थांबू नका, दवाखान्यात न्या. रोज हे काम करणाऱ्याला आठवड्याच्या मध्यावर त्रास कमी वाटतो आणि सुट्टीनंतर पुन्हा तसाच ताप येतो. सवय झाली असं समजून फसू नये.

पुढच्या वेळी जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं घासून काढायला सांगा, घासतानाही मास्क लावून. वेल्डिंग उघड्यावर, वारा बाजूनं येईल असं उभं राहून, डोकं धुराच्या बाहेर ठेवून करायचं. रुमाल किंवा कापडी मास्क हा धूर अडवत नाही, निदान चांगला बसणारा एन ९५ हवा. काम झालं की उघड्या जागेला जस्तयुक्त प्रायमर लावा, तुमच्याकडच्या पावसात ते चुकवून चालणार नाही. खरं तर शेळ्यांच्या शेडला क्लॅम्प आणि नट-बोल्ट पुरतात. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

जुन्या भंगारातल्या नट-बोल्टांवर कधी कधी कॅडमियमचा मुलामा असतो. त्याचा धूर जिवावर बेततो, आणि सुरुवातीला त्रास साधाच वाटतो. मुलामा कसला आहे ते कळत नसेल तर तो तुकडा वेल्डिंगला घेऊच नका.

वेल्डिंग बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात का? मेडिकलमधून थेंब आणले तर लगेच आराम पडतो.
— एक हेल्पर, शिरोली एमआयडीसी

ते थेंब बंद कर, बाळा. लगेच आराम देणारे ते थेंब बहुतेक बधिर करणारे असतात. डोळा बधिर झाला की जखम भरत नाही आणि चोळलेलंही कळत नाही. चापातल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. तो साधारण एक-दोन दिवसांत आपोआप भरतो. अंधाऱ्या खोलीत आराम, बंद पापण्यांवर स्वच्छ गार कापड, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची भेट. बटाटा नको, त्यातून जंतू जातात. हेल्परलाही काच लागते हे तुझ्या मालकाला सांग. १०० अँपिअरच्या आसपास १० नंबरची काच धर. टाका मारताना 'डोळे मिटतो' म्हणून भागत नाही, किरण बाजूनं आणि भिंतीवरून उसळूनही येतात. मालक काच देत नसेल तर पहिल्या पगारातून ती घे, मोबाइलचा रिचार्ज नंतर.

मुलगी दहावी झाली. तिला आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला जायचंय. घरचे नको म्हणतात. तुमचं काय मत?
— एक पालक, कागल

जाऊ द्या. ट्रेड एक वर्षाचा आहे, त्यानंतर अॅप्रेंटिसशिप करता येते. या कामात ताकदीपेक्षा हात स्थिर लागतो आणि नजर लागते. उभा जोड ३जी, डोक्यावरचा ४जी, तिरक्या पाइपचा ६जी अशा परीक्षा ज्याला जमतात त्याला काम मिळतं, मग तो मुलगा असो की मुलगी. साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांसाठी बॉयलर नियमांखालची वेगळी परीक्षा असते, ती पास झाली तर तिचं नाव आसपासच्या कारखान्यांत माहीत होईल. दूध संघांकडं स्टेनलेस स्टीलचं टिगचं (गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या टोकानं करायच्या वेल्डिंगचं) काम असतं, तेही स्वच्छ आणि बारकाईचं. कपडे मात्र सुतीच घालू द्या, ओढणी आणि नायलॉन वर्कशॉपमध्ये नको. बूट चामड्याचे, केस बांधून टोपीत. घरच्यांना मुलांच्या घोळक्याची काळजी असेल तर प्रवेशाआधी त्यांना घेऊन आयटीआयचं वर्कशॉप स्वतः बघून या. शिक्षकांशी बोला, किती मुली आहेत ते विचारा.

डिझेलचं जुनं बॅरल कापून चूल करायची आहे. धुऊन घेतलं तर चालेल ना?
— एक वाचक, बार्शी

चालणार नाही. धुतलं, उन्हात वाळवलं, वास गेला, तरी सांध्यांत आणि गंजाखाली डिझेल राहतं. ठिणगी पडली की त्याची वाफ पेटते आणि झाकण माणसाच्या तोंडावर येतं. असं बॅरल ग्राइंडरनंही कापू नका. नवा २ मिलिमीटरचा पत्रा घ्या, रोलिंग मशीनवर वाकवून आणा आणि उभा सांधा ६०१३ नं जोडा. पत्र्याला थोडे पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.