सासवडला राहायला जावं का?

प्रश्न: ताई, नवऱ्याचा जॉब हडपसरला, माझं काम घरूनच. पुण्यातलं भाडं झेपेना म्हणून सासवडला फ्लॅट बघतोय, पण सासूबाई म्हणतात, आता गावात कुठं जाता?

उत्तर: अगं, सासवड काय आडगाव आहे का, पीएमपीची बस जाते, कऱ्हेकाठी संगमेश्वर, सोपानदेवांची समाधी, पुरंदऱ्यांचा वाडा, आणि सीझनला अंजीर-सीताफळं इतकी ताजी की मंडईतली नकोशी वाटतात. खरा प्रश्न दिवे घाटाचा. हडपसर वीस-पंचवीस किलोमीटरच, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला की झालं! आषाढीच्या आधी माउलींची पालखी घाट चढून सासवडला मुक्कामाला येते तेव्हा तर गाड्या वळवतातच, नवऱ्याला रजा आधीच टाकून ठेवायला सांग. दुसरं पाणी. तालुका दुष्काळी, म्हणून सोसायटीत टँकर किती येतात ते एप्रिल-मेमध्ये जाऊन विचार, आणि बिल्डरला नको, वॉचमनला विचार. लगेच विकत घेऊ नका, आधी अकरा महिने भाड्याने राहा, तेवढ्यात उन्हाळा, पालखी सगळं कळतं. विमानतळ होणार म्हणून भाव चढवून सांगतील, त्याला अजिबात भुलू नका.