गिटारच्या ८ ओहमच्या ट्यूब अँपला (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) १६ ओहमचा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, लावू का?

अँपच्या मागे ४, ८, १६ असा स्विच असेल तर तो १६ वर न्या, प्रश्न मिटला. फक्त ८ चं आउटपुट असेल तर मी लावणार नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या भागावर, ताण येतो. आणि कॅबिनेट न जोडता ट्यूब अँप कधीच वाजवू नका, तो ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरवाल्या अँपला १६ चालतो, फक्त आवाज थोडा कमी होतो.

अँपपासून कॅबिनेटपर्यंतची वायर स्पीकरचीच घ्या. गिटारची केबल दिसते तशीच, पण आतली तार बारीक असते, तापते. कॅबिनेटचे वॅट अँपपेक्षा भरपूर जास्त ठेवा, कारण ५० वॅटचा ट्यूब अँप डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवल्यावर, ५० वर थांबत नाही.