जगाचा नियम काढून घेतला तर गोष्ट उरते का?

तुमच्या तक्रारी तीन आहेत. फँटसीत नावांचा आणि नकाशांचा एवढा मारा असतो की पन्नास पानांत दम लागतो. विज्ञानकथा म्हणजे गोष्टीच्या नावाखाली शिकवणी. आणि ऐतिहासिक रहस्यकादंबरीत ना धड इतिहास, ना धड रहस्य. तेव्हा या तिन्हींचा नाद सोडावा का, आणि तेरा वर्षांच्या भाचीला यातलं काय द्यावं, असं विचारलंय.

नाद सोडू नका. तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या सुमार पुस्तकांना लागू पडतात, आणि या तीन प्रकारांत सुमार माल जरा जास्तच निघतो. एकदा मालिका खपायला लागली की दर वर्षी एक पुस्तक काढायचा मोह कुणाला आवरत नाही. मी स्वतः वाचताना एकच गोष्ट बघते. लेखकाने उभ्या केलेल्या जगाचा नियम काढून घेतला तर कथानक टिकतं का? टिकत असेल, तर ते जग म्हणजे नाटकातला रंगवलेला मागचा पडदा. कोसळत असेल, तर पुस्तक खाली ठेवायचं नाही.

ऐतिहासिक रहस्यापासून सुरू करते, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्यावर दिसतोय. एलिस पीटर्सचं ‘वन कॉर्प्स टू मेनी’ घ्या. एलिस पीटर्स हे टोपणनाव, बाईंचं खरं नाव एडिथ पार्जेटर. साल 1138. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यात यादवी पेटलेली. स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या 94 शिपायांना फाशी देतो. त्यांचे अंत्यसंस्कार नीट व्हावेत म्हणून मठातला कॅडफेल तिथे जातो. हा जन्माने वेल्श, तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला आणि आता मठाच्या बागेत औषधी झाडं लावणारा. तो प्रेतं ओळीने लावतो, मोजतो, आणि मोजणी 95 भरते. एक प्रेत जास्तीचं! गळ्यावरची खूण बघितली तर ती फाशीच्या दोराची नाही, कुणीतरी मागून बारीक दोरीने आवळलंय. खुन्याने आपला एक खून राजाच्या कत्तलीत लपवलाय.

वेढा आणि कैद्यांना दिलेली फाशी हा इतिहास आहे, जास्तीचं प्रेत लेखिकेचं. यादवी काढून टाका, पुस्तकात काहीही उरत नाही. वर प्रश्नही त्याच काळातून उगवतो. ज्या राजाने एका दिवसात 94 माणसं कायदेशीरपणे लटकवली, त्याच्याकडे 95व्यासाठी न्याय मागायचा तो कसा? या मालिकेत 20 कादंबऱ्या आहेत, पहिली 1977ची. सगळ्या वाचायची गरज नाही. जवळपास प्रत्येकीत एक निष्पाप प्रेमी जोडपं असतं आणि कॅडफेलचा त्यांच्यावर जीव जडतो, त्यामुळे तीन-चार पुस्तकांनंतर कोण निर्दोष सुटणार हे आपल्याला आधीच कळायला लागतं.

उंबेर्तो एकोचं ‘द नेम ऑफ द रोज’ (1980) तुम्ही अर्धवट सोडल्याचं लिहिलंय. बहुतेक पहिल्या शंभर पानांत सोडलं असणार. ती पानं कापा असा सल्ला त्याला छापायच्या आधीच मिळाला होता, त्याने ऐकलं नाही. मठात सात दिवस राहायचं तर मठाची चाल अंगवळणी पडलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं, पण हे पुस्तक सुरुवातीला हातात घ्यायचं नाही. आधी सी. जे. सॅन्समचं ‘डिसोल्यूशन’ (2003) वाचा. 1537, आठव्या हेन्रीच्या राज्यात मठ बंद पाडणं चालू आहे आणि अशाच एका मठात राजाच्या माणसाचा खून होतो. तपासाला येतो मॅथ्यू शार्डलेक, पाठीला कुबड असलेला वकील. त्याचा या धर्मसुधारणेवर मनापासून विश्वास आहे, म्हणजे आपल्याला आज जे सरळसरळ लुटीचं राजकारण दिसतं त्याचाच तो नोकर आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या प्रकारातल्या निम्म्या पुस्तकांत सगळं गाव सोळाव्या शतकातलं आणि गुप्तहेर तेवढा आजचा, स्त्री-पुरुष समानतेपासून सर्वधर्मसमभावापर्यंत सगळ्यावर आपलीच मतं बाळगणारा असतो. असा नायक दिसला की मी पुस्तक मिटते.

आपल्या जवळचं हवं असेल तर सुजाता मॅसीचं ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’. 1921ची मुंबई, एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, आणि त्यांच्या मालमत्तेच्या कागदांवरच्या सह्या संशयास्पद आहेत. त्यांच्याशी परका पुरुष बोलू शकत नाही. पोलीस नाही, वकीलही नाही. बोलू शकते फक्त परवीन मिस्त्री, कारण ती बाई आहे आणि वकिली शिकलेली आहे. पडदा हाच इथे कुलूपही आणि किल्लीही. परवीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. त्या 1866 साली आपल्या नाशिकला जन्मल्या, डेक्कन कॉलेजात शिकल्या, 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि पुढे पडदानशीन बायकांच्या मालमत्तांचंच काम बघितलं. वसीम खानचं ‘मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस’ही वाचनीय आहे, फक्त त्यात माहिती कधीकधी संवादांच्या डोक्यावर बसते.

मराठीत हे का नाही, असं कुणीतरी विचारणारच. माझं मत असं की आपली ऐतिहासिक कादंबरी थोरामोठ्यांच्या चरित्राभोवती फिरते, आणि रहस्यकथेला तर प्रत्येकावर संशय घ्यावा लागतो. थोरांवर संशय घेतला की लेखकाच्या दारात मोर्चा! नाहीतर कच्चा माल काय कमी आहे? 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात भरदिवसा नारायणराव पेशव्यांचा खून होतो, रामशास्त्री प्रभुणे चौकशी करतात आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी धरतात. यावर नाटकं झाली, चरित्रं झाली. पण रामशास्त्रींच्या हाताखाली जबान्या उतरवून घेणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या नजरेतून लिहिलेली चोख तपासकथा मला तरी अजून भेटलेली नाही.

आता विज्ञानकथा. शिकवणीची तक्रार मराठीपुरती तर शंभर टक्के मान्य. शास्त्रज्ञ काका चार पानं समजावतात आणि पुतण्या ‘म्हणजे काय काका?’ विचारत राहतो, हे आपण सगळ्यांनीच सोसलंय. तरीही जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा एकदा शांतपणे वाचा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदतेय. ते घाबरत नाहीत, ओरडत नाहीत, सरळ ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडून इतिहास कुठे वळला ते शोधत बसतात. इतिहासाचा मास्तर दुसरं करणार तरी काय! वळण सापडतं ते पानिपतावर. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते, तिथल्या बखरीत ती तिळाएवढ्या अंतराने चुकते. शेवटी शास्त्रज्ञ मित्राचं स्पष्टीकरण आहे, ती शिकवणी म्हणाल तर आहेच. पण ती काढली तर उरतं एका प्राध्यापकाचं स्वप्न, आणि खिशातलं बखरीचं फाटकं पान कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

तुम्हाला रहस्य आवडतं, तर आयझॅक असिमोव्हचं ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ही घ्या. पृथ्वीवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोलादी छताखाली राहून उघड्या आभाळाला घाबरायला लागलीत. खून अशा जागी झालाय की खुन्याला शस्त्र घेऊन उघड्यावरून चालत यावं लागलं असणार. ते माणसाच्याने होणार नाही, आणि रोबोने माणसाला मारायचं नाही हा पहिला नियम. मग खून केला कुणी? नियम दोन, दोन्ही सुरुवातीलाच सांगितलेले. ऐनवेळी खिशातून नवं यंत्र काढणं नाही.

फँटसीबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण दहा-दहा खंडांच्या मालिका वाचायचा माझाही पिंड नाही. नावं लक्षात राहत नसतील तर ठेवू नका, चांगला लेखक महत्त्वाचं नाव आपोआप लक्षात ठेवायला लावतो. भाचीला अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) द्या. पुस्तक दोनशे पानांच्या आसपास आहे. तिथली जादू फुकटची नाही. इथे पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, म्हणून खरा जाणता मांत्रिक जादू करायचं शक्यतो टाळतो. आणि नायक गेड सावळ्या, तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, हे मुखपृष्ठांवरून सहसा कळत नाही. तेराव्या वर्षी हे पुस्तक थोडं संथ वाटू शकतं. तसं झालं तर थेट दुसरा भाग, ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ द्या. त्यात तेनार नावाची मुलगी अंधाऱ्या भुयारांच्या चक्रव्यूहाची पुजारीण आहे, गेड बराच उशिरा येतो, आणि पहिला भाग वाचला नसला तरी काही अडत नाही.