पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मरत असतील तर आधी पाणी तपासा

तुम्ही उबवणीच्या मशीनमध्ये (इन्क्युबेटरमध्ये) कोंबडीची २४ अंडी ठेवली, १९ मध्ये जीव धरला, बाहेर आली फक्त ५, आणि उरलेली १४ अंडी फोडली तर आत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं मेलेली. तुमचं हे वाचून फार वाईट वाटलं, कारण हे नुकसान मला नीट माहीत आहे. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मात्र सगळं सांगून जातं: ‘ओलावा ५० टक्क्यांच्या खाली गेला की लगेच पाणी घालत होतो.’

तापमान, अंडी फिरवणं, निमुळतं टोक खाली ठेवणं, अठराव्या दिवशी फिरवणं बंद करणं हे तुम्ही केलेलं दिसतंय, त्यावर वेळ घालवत नाही. १४ पिल्लं विसाव्या दिवसापर्यंत वाढली म्हणजे ढोबळमानाने उष्णता आणि फिरवणं ठीक होतं. त्यात मोठी चूक असती तर बरीचशी अंडी पहिल्या आठवड्यातच गेली असती आणि टॉर्च लावल्यावर आत रक्ताचं कडं दिसलं असतं.

मेलेली पिल्लं ओली, फुगलेली होती का? चिकट पाणी सांडलं का? जाड टोकाकडची हवेची पोकळी लहान होती का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पिल्लं कोरडेपणाने गेलेली नाहीत, जास्त ओलाव्याने गुदमरली आहेत. अंड्यातलं पाणी रोज थोडं थोडं उडून जावं लागतं. जेवढं पाणी जातं तेवढी पोकळी वाढते. १९-२० व्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा फाडून चोच त्या पोकळीत घालतं आणि फुप्फुसाने पहिला श्वास घेतं. तिथे हवा कमी आणि भोवती पाणी जास्त असेल, तर अंगावर सूज आलेल्या त्या पिल्लाला वळायला जागा उरत नाही. ते कवचाला चोच मारायच्या आतच संपतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ती पाणी घालण्याची नाही, पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची आहे. स्वस्त ओलावामापक १०-१५ अंकांनी सहज चुकतात. तो ५० दाखवतो, आत असतात ६५, आणि आपण ४८ दिसले म्हणून आणखी पाणी ओततो. माझ्या अख्ख्या दोन खेपा अशाच गेल्या. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांच्या मदत क्रमांकावर तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: ‘पाण्याच्या दोन्ही खाचा कायम भरलेल्या ठेवा.’ खोलीत हवा किती दमट आहे, हे एकदाही कुणी विचारलं नाही. जिवंत पिल्लांचा प्रश्न असताना असं ठोकळेबाज उत्तर देणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

मापक असा तपासा. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत बंद करून ८-१० तास ठेवा, पाणी मापकाला लागू देऊ नका. आकडा ७५ यायला हवा. ६२ आला तर तुमचा मापक १३ ने कमी दाखवतो. ७५ ला जेवढी चूक तेवढीच ४५ ला असेल असं नाही, म्हणून ही दुरुस्ती अंदाजापुरतीच धरा.

खरा निकाल वजनकाट्यावर लागतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. ६० ग्रॅमचं अंडं रोज साधारण ०.४ ग्रॅम गमावतं. सहा अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घाला (मार्कर नको, शाई कवचातून आत जाऊ शकते) आणि त्या सहांचंच वजन ठेवा. सुरुवातीला ३६० ग्रॅम असतील तर सातव्या दिवशी ३४३, चौदाव्याला ३२६, अठराव्याला ३१७ च्या आसपास हवेत. सातव्या दिवशी ३५० भरले तर ओलावा जास्त आहे, पाणी काढा. ३३५ भरले तर वाढवा. काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी चालतो, कारण सहा एकदम मोजतोय. त्यातलं एखादं अफलित निघालं तर त्याचं सुरुवातीचं वजन वजा करता यावं म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाचं वेगळंही लिहून ठेवा.

पाणी किती घालायचं, हे मशीन सांगत नाही, खोलीतली हवा सांगते. २८ अंशांची, ८० टक्के दमट हवा ३७.६ अंशांपर्यंत तापली की तिचा ओलावा आपोआप ४६-४७ टक्क्यांवर येतो. म्हणजे अशा दिवसांत पहिले १८ दिवस पाण्याचा थेंबही लागत नाही. उलट २० अंशांची, ५० टक्क्यांची हवा तापली की जेमतेम १८ टक्के उरतात, तिथे पाणी हवंच. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: पाणी खोल असून उपयोग नाही, पृष्ठभाग महत्त्वाचा. कमी करायचं तर खाच अर्धी फॉइलने झाका, वाढवायचं तर पाण्यात स्पंज उभा करा.

ओलावा टिकावा म्हणून हवेची भोकं बुजवू नका. ही चूक आणि जास्त पाणी एकत्र आलं की शेवटच्या तीन दिवसांत पिल्लं तगत नाहीत, कारण प्राणवायूची गरज तेव्हाच सर्वात जास्त असते. अठराव्या दिवशी भोकं पूर्ण उघडी, ओलावा ६५-७० आणि झाकण बंद. इथे मात्र ओलावा जास्तच हवा, नाहीतर चोच मारून झाल्यावर पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. पाणी घालायचंच असेल तर कोमट, आणि जमल्यास बाहेरून नळीने.

चोच मारल्यापासून बाहेर पडायला १२ ते २४ तास सहज जातात. या वेळात पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढला जात असतो, पापुद्र्यातलं रक्त परत जात असतं. घाईने कवच सोललं की रक्तस्राव होतो. मदत करायचीच तर पापुद्रा पांढरा, कोरडा आणि बिनशिरांचा दिसल्यावरच, तीही थोडी. लाल शीर दिसली की थांबायचं. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन खेपांत हात लावूच नका. बाहेर आलेली पिल्लं पूर्ण वाळेपर्यंत, अगदी २४ तासही, मशीनमध्येच राहू द्या.

जाता जाता: जाळीवर खरखरीत कापड टाका, गुळगुळीत तळावर पाय फाकतात. वीज गेली तर झाकण न उघडता मशीनवर घोंगडी टाका, भोकं मोकळी ठेवून. अंडी काही तास थंड झाली तर बहुतेक वेळा निभतं, ४० च्या वर तापली तर निभत नाही.

मी पशुवैद्य नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आहार निकस असेल किंवा अंडी आठवड्याहून जुनी असतील, तर वजन बरोबर येऊनही पिल्लं मरतात. फोडलेल्या अंड्यांना कुजका वास असेल तर जंतूंचा प्रश्न आहे, तिथे वरचं काहीच लागू नाही. आणि हे आकडे कोंबडीचे आहेत, बदकाला वापरू नका.

पुढच्या खेपेला २४ नको, १२ च ठेवा. मीठ-चाचणीचा आकडा आणि सातव्या दिवशीचं सहा अंड्यांचं वजन कळवा, मग पाणी ठेवायचं की काढायचं ते सांगते.