‘भोळा सांब’मधला सांब कोण?

तुम्ही विचारलंय, बायको चारचौघांत ‘आमचे हे म्हणजे भोळा सांब’ म्हणते, तर हा सांब कोण आणि हे कौतुक की टोमणा?

सांब म्हणजे शंकर. स + अंबा, अंबेसह असलेला तो सांब. ‘सांब सदाशिव’ म्हणतो तोच हा. म्हणजे नावातच बायको सोबत आहे बघा!

(कृष्ण आणि जांबवतीच्या मुलाचं नावही सांबच. पण तो भोळा नव्हे, उलट गर्भार बाईचं सोंग घेऊन ऋषींची थट्टा करायला गेलेला वात्रट. त्या थट्टेपायी ‘पोटातून कुळाचा नाश करणारं मुसळ निघेल’ असा शाप मिळाला आणि त्या मुसळामुळे यादवांचं कूळ बुडालं. त्याच्याशी तुमचा संबंध नाही.)

शंकराला भोळा का म्हणतात? त्याचं एक नाव आशुतोष, म्हणजे झटकन संतुष्ट होणारा. बेलाचं पान वाहिलं, तांब्याभर पाणी ओतलं की झालं काम. समोरचा कोण, वर घेऊन करणार काय, ही चौकशीच नाही. भस्मासुरानं मागितलं, ‘ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होवो’. यांनी देऊन टाकलं आणि मग स्वतःच पळत सुटले. सोडवायला विष्णूला यावं लागलं. भागवतात याच गोष्टीतल्या असुराचं नाव वृक आहे. तिथे विष्णू बटूच्या वेषात येऊन त्याला म्हणतो, शंकराच्या शब्दाचा काय भरवसा, स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून बघ की! आणि तो ठेवतो. खरा फसला तो असुर, पण भोळेपणाचा शिक्का बसला शंकरावर.

माझ्या मते लवकर प्रसन्न होणारा तो लवकर फसणारा, अशी अर्थाची घसरण इथेच झाली. देवाचं नाव असल्यामुळे मात्र शब्दाला बावळटाची धार कधी आली नाही. आमच्या काकांनी एकदा रस्त्यावरून हापूसची पेटी आणली. वरचा थर सोन्यासारखा, खाली सगळे डागी. आजी एवढंच म्हणाली, ‘भोळा सांब गेला होता ना बाजाराला!’ आणि चांगले आंबे निवडून पहिला त्यांनाच कापून दिला.

तेव्हा सौ. ‘अगदी भोळा सांब’ म्हणत असतील तर खुशाल मिरवा. ‘वरून भोळा सांब’ म्हणत असतील, तर तुमचं काहीतरी त्यांना कळलंय.