दोन दिवाणजी, एक वही

प्रश्न: मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. काकांची कळमन्याला संत्र्यांची अडत आहे. क्रेट मोजायला त्यांच्यासाठी जावामध्ये ॲप करतेय. नोंदी दोन गेटांवरून येतात म्हणून दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं, लावले. चाचणीत दोघांकडून एकेक लाख वेळा काउंट वाढवला, पण बेरीज दोन लाख येतच नाही. दर वेळी वेगळा आकडा, तोही कमीच. एरर काही नाही. थ्रेड बिघडलेत का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: थ्रेड ठणठणीत आहेत गं. काकांकडे दिवाणजी दोन आणि वही एकच, असं धर. पहिल्याने वहीत ४१ वाचलं, मनात एक मिळवला, तेवढ्यात त्याला चहाची हाक आली. दुसऱ्यानेही ४१च वाचलं आणि ४२ लिहून मोकळा झाला. पहिला परत आला, त्यानेही ४२ लिहिलं. क्रेट उतरले दोन, वहीत चढला एक.

'काउंट प्लस प्लस' दिसायला एक ओळ, पण कामं तीन: वाचणं, वाढवणं, परत लिहिणं. थ्रेडना स्टॅक, म्हणजे खासगी मेमरी, आपापला मिळतो; हीप, म्हणजे सगळ्यांची मेमरी, मात्र सामाईक, आणि तुझा काउंट तिथेच आहे. ह्या घोळाला रेस कंडिशन म्हणतात.

मी ह्याच बगपायी सीताबर्डीच्या एका ऑफिसात अख्खी रात्र काढली आहे. लूपमध्ये प्रिंट टाकलं की बेरीज बरोबर, काढलं की चूक! पुढे कळलं, छापण्याचं काम आतून स्वतःचं कुलूप लावतं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडतं. त्यात थ्रेडची वेळ बदलते आणि बग दडून बसतो. तेव्हा प्रिंटवर भरवसा ठेवू नकोस.

चालू बेरीज दिवसभर दिसायला हवी असेल तर ॲटॉमिक इंटिजर वापर; तो ही तीन कामं एका दमात करतो. २००४ च्या जावा ५ पासून तो आहे. सिंक्रोनाइज्डनेही, म्हणजे तसंच कुलूप स्वतः लावूनही, भागतं, पण दोघांनी कुलूप एकाच ऑब्जेक्टचं घ्यायचं. व्होलटाइल लिही, असं वर्गात कोणीतरी सांगेलच. त्याने ताजा आकडा दिसतो, तीन कामांचं एक होत नाही. आणि आकडा छापण्याआधी दोन्ही थ्रेडवर जॉइन लाव, म्हणजे ते संपेपर्यंत थांब, नाहीतर मोजणी अर्धवट असतानाच छापशील.

बेरीज संध्याकाळीच लागत असेल तर मी कुलपाच्या भानगडीतच पडणार नाही. प्रत्येक गेटची वही वेगळी ठेव, शेवटी बेरीज कर. काकाही हेच म्हणतील, कारण कोणत्या गेटवर क्रेट कमी भरले तेही त्यांना लगेच दिसेल.