स्वयंसेवक येतात, पण टिकत का नाहीत?

प्रश्न : आमच्या संस्थेचे शाळकरी मुलांसाठीचे अभ्यासवर्ग पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि मी तेथे समन्वयक आहे. दर वर्षी नवे लोक उत्साहाने नाव नोंदवतात, पण काही महिन्यांतच त्यांतील बरेच जण येईनासे होतात. ‘वेळ मिळत नाही’ एवढेच कारण बहुतेक जण देतात, काही जण तेही देत नाहीत. आमचे विश्वस्त म्हणतात, की लोकांत सेवाभाव उरलेला नाही, त्यामुळे स्वतःसाठी काही मिळवायला येणाऱ्यांना आरंभीच नकार द्यावा. आपले मत काय?

उत्तर : विश्वस्तांची तळमळ मी समजू शकतो, पण त्यांचा उपाय अमलात आणल्यास गळती कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव आहे. अ‍ॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. परोपकारी स्वभावाचे लोक कामात समाधानी होते, परंतु केवळ त्या स्वभावावरून ते किती काळ टिकतील हे सांगता येत नव्हते. उलट, काही शिकावे, स्वतःची वाढ व्हावी, स्वतःविषयी बरे वाटावे, अशा वैयक्तिक हेतूंनी आलेले लोक अधिक काळ टिकले होते. पुढच्या काही अभ्यासांत परोपकाराच्या प्रेरणेचाही टिकण्याशी संबंध आढळला, त्यामुळे एकाच निष्कर्षावर सगळा भार टाकू नये. पण ‘स्वतःसाठी आलेला माणूस लवकर जातो’ हे गृहीतक मात्र सोडून द्यावे लागते.

गिल क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागच्या सहा प्रेरणा मांडल्या : आपली मूल्ये कृतीत आणणे, नवे जाणून घेणे, आपल्या माणसांशी जोडलेले राहणे, व्यवसायासाठी अनुभव मिळवणे, मनातल्या दुःखापासून किंवा अपराधभावापासून सुटका शोधणे आणि आत्मसन्मान वाढवणे. या यादीत उच्च-नीच काही नाही. तिचा उपयोग एवढाच, की येणाऱ्याला काय हवे आहे आणि आपण त्याला काय देतो आहोत, यांचा मेळ बसतो का, हे तपासता येते. निवृत्तीनंतरच्या एकटेपणातून बाहेर पडण्यासाठी आलेल्या शिक्षिकेला तुम्ही घरी बसून प्रश्नपत्रिका तयार करायला सांगितल्या, किंवा शिकवण्याचा अनुभव घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती हजेरीपट सोपवला, तर दोघेही काही आठवड्यांनी ‘वेळ मिळत नाही’ असेच सांगतील, आणि त्यात खोटेपणा नसेल. जे काम आपले वाटत नाही त्याच्यासाठी वेळ खरोखरच उरत नाही. म्हणून नाव नोंदवून घेताना ‘तुम्ही आम्हाला किती वेळ द्याल?’ याच्या आधी ‘येथून तुम्हाला काय मिळावे असे वाटते?’ हे विचारा, उत्तर लिहून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण प्रेरणा बदलतात.

अमेरिकेतील सेवाभावी संस्थांच्या एका मोठ्या पाहणीवर मार्क हेगर आणि जेफ्री ब्रडनी यांनी २००४ मध्ये अहवाल लिहिला. ज्या संस्था माणूस पारखून योग्य काम देतात, प्रशिक्षण देतात आणि कामाची दखल घेतात, तेथे स्वयंसेवक अधिक टिकतात, असे त्यांना आढळले. नियमित देखरेख असलेल्या संस्थांत मात्र टिकण्याचे प्रमाण कमी होते. लोक आधीच सोडून जात असल्यामुळे काही संस्थांनी देखरेख वाढवली असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. तरीही दिवसभर नोकरीत अहवाल लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा अहवालच लिहावा लागला, तर त्याचे मन उडते, हे समजण्याजोगे आहे.

एका गोष्टीकडे समन्वयकांचे फार दुर्लक्ष होते, म्हणून ती आग्रहाने सांगतो. नवे लोक गेले की त्यांचे काम जुन्या, न कुरकुरणाऱ्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडते. ते ‘नाही’ म्हणत नाहीत, म्हणून त्यांना आणखी काम दिले जाते, आणि एके दिवशी तेही अचानक येणे थांबवतात. नवख्याच्या जाण्याने एक तास रिकामा राहतो. अशा माणसाच्या जाण्याने मुलांची नावे, त्यांच्या घरची परिस्थिती, कोण कोठे अडते याची जाण, हे सगळेच जाते. या माणसांची कामे आज कागदावर मांडा आणि त्यांनी मागण्याआधीच त्यांतले एखादे काम काढून घ्या.

जे गेले आहेत त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी फोन करा, परत बोलावण्यासाठी नव्हे, तर काय खटकले ते ऐकण्यासाठी. आजारपण, परीक्षा, बदली यांमुळे गेलेले लोक अशा फोननंतर कधी परतही येतात.

प्रश्न : सात वर्षे मी एका वृद्धाश्रमात दर आठवड्याला वाचून दाखवण्यासाठी जाते. आता शरीर आणि मन दोन्ही थकले आहे, पण सोडण्याचा विचार आला की अपराधी वाटते. घरचे म्हणतात, ‘कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?’ मी काय करावे?

उत्तर : दीर्घकाळ काम केले की ‘मी तेथे जाते’ याचे ‘मी तेथलीच आहे’ असे होते. ही ओळख माणसाला टिकवून धरते, आणि म्हणूनच सोडताना स्वतःचाच एक भाग मागे राहिल्यासारखे वाटते. तुमचा अपराधभाव त्या जिव्हाळ्यातून आलेला आहे, चुकीतून नव्हे. पूर्ण सोडण्याआधी महिन्यातून एकदा जाण्याची किंवा ठरावीक मुदतीच्या रजेची मुभा मोकळेपणाने मागून पाहा. तरीही सोडायचे ठरले, तर शेवटची तारीख संस्थेला आणि ऐकणाऱ्या आजी-आजोबांना आधीच सांगा आणि निदान दोन-तीन भेटींत नव्या वाचकाला शेजारी बसवा, म्हणजे कोणाला मोठ्याने वाचावे लागते आणि कोणाला कोणते पान आधी हवे असते, हे त्याला तुमच्यासमोरच कळेल.